रोज कमरेला लावायच्या रिव्हॉल्व्हरचं फिनिश

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, दोन्ही रिव्हॉल्व्हरचे फोटो पाहिले. स्मिथ अँड वेसनचं काळं 442 आणि रुपेरी 642, आतली यंत्रणा तीच, पाच गोळ्यांची, घोडा आत झाकलेला. तुमचा जीव काळ्यावर आहे. माझं मत मात्र असं की दोन्ही राहू द्या आणि त्याच घडणीचं, पूर्ण स्टेनलेसचं 640 घ्या. दुकानदार रंग दाखवेल, घामाबद्दल तो काही बोलणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही ते रोज शर्टाखाली कमरेला लावणार. ह्यूस्टनच्या दमट उन्हाळ्यात घामातलं मीठ दिवसभर त्याच एका बाजूला लागत राहतं. पोलादी भागांच्या काळ्या फिनिशला ब्लूइंग म्हणतात, तो रंग नव्हे. पोलादाच्या पृष्ठभागावर मुद्दाम आणलेला तो काळ्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. स्वतः तो गंज फारसा अडवत नाही, अडवतं ते त्याने धरून ठेवलेलं तेल. कापडाला घासून तेल गेलं की मीठ थेट पोलादापर्यंत पोचतं. इथे डेन्व्हरच्या कोरड्या हवेत ब्लू केलेलं रिव्हॉल्व्हर थोडं दुर्लक्ष सोसतं, तिकडे रोज पुसावं लागेल. 442 ची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, तिला तांबडा गंज चढत नाही. पण बऱ्याच 442 चं सिलिंडर (गोळ्या बसतात तो फिरता भाग) आणि नळी कार्बन स्टीलची असते, आणि तांबूस ठिपके तिथे येतात, बहुधा आधी सिलिंडरच्या खाचांत.

642 चं सिलिंडर स्टेनलेसचं, फ्रेम मात्र अ‍ॅल्युमिनियमचीच. ती स्टेनलेससारखी दिसावी म्हणून तिच्यावर रुपेरी लेप आणि वर पारदर्शक थर असतो. घाम आणि सफाईचं कडक सॉल्व्हंट यांनी तो थर ग्रिपच्या कडेला आणि ट्रिगर गार्डखाली पापुद्र्यांनी सुटतो. चालायला काही बिघडत नाही, पण वर्षभरात ते कळकट दिसू लागतं आणि तुम्हाला ते खपणार नाही.

दुसरी फिनिशंही आहेत. निकेलचा मुलामा घामाला चांगला टिकतो, पण एकदा टवका उडाला की ओलावा त्याखाली शिरतो. काही निकेलखाली तांब्याचा थर असतो आणि अमोनिया असलेलं सॉल्व्हंट तो खातं. सेराकोट हा सिरॅमिकचा लेप खरंच चांगला आहे, फक्त होल्स्टरच्या (कमरेच्या म्यानाच्या) तोंडाशी घासून कडा उघड्या पडतात.

640 मध्ये झिजून जायला वरचा लेपच नाही. ओरखडा उठला तरी खाली तोच धातू. वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, 642 चं चारशेच्या थोडं वर. खिशात ते जड वाटेल, कमरेला जाड पट्टा असेल तर वाटणार नाही, आणि तुमच्या मनगटाला झटका बराच कमी बसेल. त्यात .357 मॅग्नम ही जास्त जोराची गोळी चालते, पण तुम्ही सौम्य .38 स्पेशलच भरा. तिची पुंगळी आखूड असल्याने चेंबरमध्ये, म्हणजे गोळीच्या घरात, काजळीचं कडं जमतं. सराव झाला की ते ब्रशने काढायचं, नाहीतर पुढे लांब काडतूस अडकतं.

स्टेनलेसलाही गंज लागतो, याची आठवण ठेवा. 1965 मध्ये याच कंपनीचं मॉडेल 60 आलं, ते पहिलं स्टेनलेस रिव्हॉल्व्हर. तेव्हापासून तक्रार तीच आहे: ग्रिपखाली घाम साचतो आणि तिथे सुईच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके येतात. ते दिसतच नाहीत, म्हणून उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी ग्रिपचा स्क्रू काढून आत बघा. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेच्या रुंदीचंच हवं, नाहीतर स्क्रूचं डोकं खरवडतं.

रोज संध्याकाळी पुसताना आधी गोळ्या काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. पाचही घरं डोळ्यांनी बघा आणि करंगळीनेही चाचपा. मग मायक्रोफायबरच्या फडक्यावर तेलाचे दोन थेंब घेऊन अंगाकडची बाजू पुसा. चेंबरमध्ये तेल राहू देऊ नका, ते प्रायमरमध्ये (गोळीच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीत) झिरपलं तर गोळी फुसकी निघते. रात्री चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं. सिलिंडरच्या तोंडावरची काळी वर्तुळं निरुपद्रवी असतात. ती घालवायला मिळणारं शिसं काढायचं कापड स्टेनलेसवर चालतं, ब्लूइंगवर मात्र ते ब्लूइंगच पुसून टाकतं.

एक अडचण 640 लाही असू शकते. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, रुपेरी असेल तर भर उन्हात दिसत नाही. तसं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने तिच्यावरचं तेल काढा, पांढऱ्या नेलपॉलिशचा एक हात द्या, पूर्ण वाळला की वर भडक केशरी. आईकडे दोन्ही रंग असतील.

आई, नातवंडं येण्याआधी कुलपाची पेटी आणून बसवून घे. काढून ठेवलेल्या गोळ्यांना वेगळं कुलूप, आणि किल्ल्या तुम्हा दोघांकडेच. बाबा, पैसे भरण्याआधी दुकानातून मला फोन करा, सिलिंडर किती हलतं ते कसं बघायचं ते तेव्हाच सांगते.

तुमची,
धाकटी