झोपतोस का रे?

मिरज, सोमवार रात्र

प्रिय आशिष,

सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं "हं, हं" करतोस, म्हणून लिहायला बसले. काल बरोबर उपासनेच्या वेळेला कोयना एक्स्प्रेसने निघालास. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा पप्पा म्हणाले, "अभ्यास आहे." असू दे. ते सांगायला हे पत्र नाही.

झोपतोस का रे? घरी होतास तेव्हा पहाटे कधीही उठले तरी तुझ्या खोलीत उजेड. अर्धं आयुष्य नाइट ड्युटीत गेलं माझं. अभ्यासाला जागणारा आणि झोपच न येणारा, दोघांचे डोळे मला वेगळे ओळखू येतात.

शनिवारी ताटावर पप्पांनी प्रार्थना सुरू केली आणि तू म्हणालास, एमपीएससीच्या मुख्य परीक्षेच्या यादीत नाव नव्हतं तेव्हा कुठे होता तुमचा देव? पप्पांना लागलं. मला ते नाही लागलं. नंतर हात धुताना पुटपुटलास, "सगळ्याचाच कंटाळा आलाय," ते लागलं.

देवाशी भांडायचं तर भांड. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या बायकोवर, लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्यांनी स्वतः घेतला तो १९०० साली, त्यांचं मन झालं तेव्हा. आजी वानलेस हॉस्पिटलच्या वॉर्डातून आली की पाय चेपून घेत हेच सांगायची. तेव्हा विश्वासाची मला घाई नाही. झोपेची आहे.

१ राजे, १९वा अध्याय काढून बघ. (बायबल बॅगेच्या खालच्या कप्प्यात आहे, मीच ठेवलंय, चिडू नकोस.) कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम केलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीने पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. दूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं. प्रवचन करणारे लगेच पुढे येणाऱ्या देवाच्या मंद वाणीकडे धावतात. मी आपली त्या भाकरीपाशीच थांबते.

तर रात्री अकरानंतर मोबाइल लांब ठेव. संध्याकाळी सहानंतर चहा नको. मेस चुकली तर निदान केळी आणून ठेव. रविवारी चर्चला नाही गेलास तरी अभ्यासिकेतून बाहेर पड, कुणाशी तरी बोल, आणि आयोगाच्या साइटवर दर तासाला काय बघतोस रे, निकाल काय... झालं माझं लेक्चर. माफ कर.

तुला आठवतं का, नाताळच्या नाटकात तू मेंढपाळ होतास? घोंगडी घेऊन स्टेजवर आडवा झालास तो खराच झोपलास. देवदूत झालेली स्मिता ओरडून ओरडून दमली. शेवटी संडे स्कूलच्या बाईंनी उचलून नेलं, आणि तारणारा जन्मल्याची बातमी तुझ्याशिवायच सगळ्यांना कळली. पप्पा अजून हसतात. परवाही सांगत होते रिक्षावाल्याला, आणि लगेच पुढे, "तोच आता पूर्वपरीक्षा पास झालाय." यादीचं नाही सांगत ते कुणाला. २०२५ पासून पेपर वर्णनात्मक झाला तेव्हा सगळी तयारी नव्याने मांडलीस, आणि रूमवरच्या पोरांनाही लिहायला शिकवलंस, हे मात्र मीच सांगते सगळ्यांना.

कंटाळा फार खोल गेला असेल तर मनाच्या डॉक्टरकडे जा. त्यात लाजायचं काही नाही. पैसे मी पाठवते, पप्पांना नंतर सांगू. आणि रात्री कितीही वाजले तरी फोन कर. मनात नको ते आलं तर तेव्हाच कर, सकाळची वाट बघू नकोस.

गुरुवारी बाळू पुण्याला येतोय, त्याच्याकडे भडंग आणि शेंगदाण्याची चटणी देते.

तुझी,
मम्मी

ता. क. डबा स्टीलचा आहे, बाळूबरोबरच परत पाठव. आणि काल किती वाजता झोपलास, ते खरं कळव.