आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येणाऱ्या लेकींना आणि गावकऱ्यांना आवाहन

समस्त गावकरी, माहेरवाशिणी, आणि पोटापाण्यासाठी सुरत, पुणे, मुंबईपासून परदेशापर्यंत पांगलेली आपली लेकरे,

यंदा गावच्या वाचनालयाने एक काम हाती घेतले आहे. घराघरांतल्या ऐंशीच्या पुढच्या बायांच्या ओव्या, आखाजीची अन् मुलींच्या गुलाबाईच्या सणाची गाणी, खानदेशच्या कानबाई देवीच्या रोटांची रीत आणि त्यांच्या संसाराची हकिगत त्यांच्याच आवाजात नोंदवून ठेवायची. त्यासाठी माणसे हवीत, थोडे पैसे हवेत आणि एक चालते जाते हवे.

घाई अशासाठी, की मागच्या पावसाळ्यात सगळ्या गल्लीची मोठी माय गेली. नव्वदी ओलांडली होती. घरच्यांच्या इच्छेमुळे नाव लिहीत नाही, गावाला ते सांगावेही लागणार नाही. तेरा-चौदाव्या वर्षी सून होऊन आली. पहाटे दळण, मग गोठा, मग भाकरी बांधून कपाशीत. विहिरीवर इंजिन बसले ते तिच्या पाटल्या मोडून. विहीर अजून नवऱ्याच्या नावाने ओळखतात. दिरांची लग्ने, नणंदांची बाळंतपणे तिनेच निभावली आणि भावाभावांतले बांधाचे तंटे तिच्या ओसरीवर मिटले. मुलगे साठीला आले तरी दादर ज्वारी कोणत्या वावरात पेरायची ते तिला विचारूनच ठरे. सातबाऱ्यावर मात्र तिचे नाव चढले ते नवरा वारल्यावर, वारस म्हणून. ओव्या तिला ढिगाने येत. आज लेकीला त्यातल्या मोजक्याच आठवतात, त्याही अर्ध्यामुर्ध्या.

आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ ऐकता ऐकता उतरवून घेत, म्हणून 1951 साली त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी त्यांची गाणी छापून आली आणि महाराष्ट्राला कळली. प्रत्येक घरात बहिणाबाई असते असा आमचा दावा नाही. पण वही घेऊन बसणारे कुणी प्रत्येक घरात नसते, हे नक्की. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी महाराष्ट्रभर खेडोपाडी माणसे जोडून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या जमवल्या. आपल्याला एकच गाव करायचे आहे.

आता जात्याचे. म्हाताऱ्यांना नुसते 'म्हणा ना आजी' म्हटले की त्या लाजतात, 'आता काय याद ऱ्हातं' म्हणून विषय बदलतात. खुंट्याला हात लागला, दोघी समोरासमोर बसल्या, की एकीची ओवी संपायच्या आत दुसरीची सुरू होते. म्हणून टाकी लावलेले (छिन्नीने टाके घालून खरबरीत केलेले), दळता येईल असे जाते हवे. अंगणात शोभेला ठेवलेले नको.

आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी आपसूक निघतात. त्या दिवसांत प्रत्येक लेकीने आपल्या आई-आजीजवळ, काकूजवळ दोन घटका बसावे. मोबाइलवर आवाज घेतला तरी चालेल. शेजारी टीव्ही तेवढा बंद ठेवा. सुनांनीही मागे राहू नये. सासूच्या गोष्टी सुनेइतक्या कुणालाच माहीत नसतात! जुन्या कॅसेट, वह्या, लग्नातले फोटो असतील तर आणून द्या, प्रती काढून परत करू.

देणगी आवाज साठवायच्या यंत्रासाठी, ओव्या टंकून घेण्यासाठी आणि छोटी पुस्तिका छापण्यासाठी वापरली जाईल. शंभर रुपयेही चालतील, एक पायली ज्वारीही चालेल, दळायला लागेलच. पावती मिळेल, हिशोब वाचनालयाच्या फळ्यावर लागेल.

जाता जाता बाप्यांना एक विनंती. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या हयातीतच बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावता येते. तलाठ्याकडे द्यायचा अर्ज भरायला वाचनालयात मदत मिळेल.

जाते कुणाकडे असेल त्यांनी आखाजीच्या आठ दिवस आधी ग्रंथपालांना कळवावे. न्यायला बैलगाडी पाठवू, टाकी लावायची असेल तर पाथरवटाचे पैसे वाचनालय देईल.

— कार्यकारी मंडळ, ग्राम वाचनालय