भिंतीला सिमेंट लावू नका

ती. आई-बाबांना सा. न.

मागच्या भिंतीला ओल येते, माती सुटते, म्हणून गवंडी शिमग्यानंतर सिमेंटचा गिलावा करून देणार, असं बाबा म्हणाले. फोनवर घाईत मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. तो गिलावा करू नका.

इथे डेव्हनमध्ये खेड्यातली कितीतरी जुनी घरं मातीची आहेत. इंग्लंडचं खेडं म्हटलं की आपल्याला कॅलेंडरवरची दगडी घरंच आठवतात. त्यातली बायबरी गावातल्या घरांची प्रसिद्ध ओळ म्हणजे मुळात 14व्या शतकातलं लोकरीचं गोदाम, 17व्या शतकात तिथे विणकरांची बिऱ्हाडं झाली. पण जिथे जे हाताशी, त्याचंच घर. सफोकमधल्या लॅव्हनमला ओकचा सांगाडा आणि मधे आपल्यासारखाच कुड, फक्त कारवीऐवजी दुसऱ्या झाडाच्या काठ्या. डेव्हनला मिळाली माती. तीत पेंढा घालून, पाणी मारून, माणसांनी आणि गुरांनी ती तुडवायची आणि दगडी जोत्यावर थरावर थर चढवायचा. खालचा थर वाळून घट्ट झाल्याशिवाय वरचा नाही. दोन-दोन फूट जाडीच्या या भिंतींना ‘कॉब’ म्हणतात. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातला दर्यावर्दी सर वॉल्टर रॅली, त्याचा जन्म ज्या घरातला मानतात, ते हेज बार्टनही कॉबचंच, आणि 16व्या शतकातलं ते घर आजही उभं आहे.

इथली म्हण आहे, कॉबच्या घराला चांगली टोपी आणि चांगले बूट द्या. टोपी म्हणजे शाकारलेलं छप्पर, बूट म्हणजे जोतं. छपराला पन्हळ नसते. वळचण इतकी पुढे काढलेली असते की पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात.

बाबा, छपराची एक गोष्ट खास तुमच्यासाठी. इथे शाकारताना पुष्कळदा जुना पेंढा सगळा उतरवत नाहीत, वरवरचा कुजलेला काढून नवा थर चढवतात. त्यामुळे काही घरांत अगदी तळाचा थर मध्ययुगातला आहे. तेव्हा धुराडी नव्हती, घराच्या मधोमध चूल पेटायची आणि धूर छपरातून वाट काढायचा. त्या काजळीने काळा झालेला पेंढा टिकून राहिला, आणि अभ्यासकांना त्यात गव्हाच्या आणि राय नावाच्या धान्याच्या जुन्या वाणांच्या लोंब्या सापडल्या आहेत. शेतात केव्हाच न दिसणारं पीक छपरात!

आता मूळ मुद्दा. विसाव्या शतकात सिमेंट सहज मिळू लागलं तसं अनेकांनी या भिंतींना बाहेरून सिमेंट फासलं. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, हवेप्रमाणे किंचित हलते. सिमेंट कडक, ते हलत नाही, तडकतं. तड्यातून पाऊस आत जातो आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. पाणी खाली उतरून पायथ्याशी साचतं. आमच्या गल्लीतल्या एका घराचं सिमेंट परवा उतरवत होते. वरून ठणठणीत दिसणारा थर निघाला आणि आतली माती हाताने दाबली तर लोण्यासारखी बोटं रुतली. अशा भिंती कधी कधी एकदम बसतात. म्हणून जाणकार कारागीर आता पुन्हा चुन्याकडे वळलेत. 1947 च्या कायद्यापासून अशा जुन्या घरांची सरकारी यादी होते, आणि यादीतल्या घराचं रूप बदलणारं काम परवानगीशिवाय केलं तर तो गुन्हा ठरतो. आपल्या घराला असा कायदा नाही, सांभाळायचं ते आपणच.

मला वाटतं, आपल्या भिंतीची ओल वरून नाही, खालून येतेय. मागे न्हाणीपर्यंत काँक्रीट टाकलं तेव्हा जमीन वर आली आणि जोतं जवळजवळ बुजलं. पाऊस त्यावर आपटून थेट मातीवर उडतो. आई, तू झाडताना बघ, ओल कमरेच्या खालीच आहे ना? तसं असेल तर भिंतीला लागून हातभर काँक्रीट फोडा, जोतं मोकळं करा, पाण्याला उतार द्या. मागच्या बाजूची कौलं एकदा परतून घ्या. भिंत पूर्ण वाळू दे, मग माती-शेणाचा किंवा चुन्याचाच गिलावा करा.

गवंड्याला विसार दिला असेल तर परत मागू नका. काँक्रीट फोडायचं काम त्यालाच द्या, आणि त्याआधी जोत्याचे फोटो मला पाठवा.

तुमची लेक