कुणी विचारलं तर

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं औषधं, झोप आणि गुडघे यांच्या पुढे जात नाही, म्हणून हे कागदावर लिहितोय. बाबा, तुम्हाला बारीक अक्षर लागत नाही, तेव्हा आई, तू वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

परवा रात्री तुमच्या नातवाला गोष्ट वाचून दाखवत होतो. शार्लट झोलोटोव यांचं १९७२ सालचं पुस्तक आहे, ‘विल्यम्स डॉल’. विल्यमला बाहुली हवी असते. भाऊ आणि शेजारचा मुलगा त्याला चिडवतात. वडील त्याला बास्केटबॉल आणून देतात, मग विजेवर चालणारी आगगाडी. विल्यम बॉल छान खेळायला लागतो, आगगाडीतही रमतो, पण बाहुली हवी ती हवीच. शेवटी आजी येते आणि बाहुली घेऊन देते. वडील नाराज होतात, तेव्हा ती त्यांना समजावते की हा उद्या बाप होईल, बाळ कसं सांभाळायचं ते त्याला यायला हवं.

ऐकून आपला पठ्ठ्या म्हणाला, “पण त्याला तर आत्ता खेळायला हवी होती ना?”

दिवा मालवला, पण मला झोप लागेना. आई, तूही नेमकं हेच करायचीस. घरी आलेल्या कुणी विचारलं, “हा सुईदोरा घेऊन काय बसलाय?” की तू लगेच म्हणायचीस, “डॉक्टर व्हायचंय त्याला, टाके घालायचा सराव करतोय.” मी तसं कधीच म्हटलं नव्हतं. तू मला पाठीशी घालत होतीस, हे मला त्या वयातही कळत होतं. पण त्याबरोबर हेही कळलं की खरं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

खरं कारण भरतकामातला साखळीटाका होतं. कापड लाकडी रिंगमध्ये ताणून बसवलं की त्यावर टिचकी मारून बघायची, टणक आवाज आला पाहिजे. सहापदरी दोऱ्यातून दोन पदर हलक्या हाताने सुटे करायचे. सुई वर काढायची, दोरा अंगठ्याखाली धरायचा, त्याच भोकातून सुई परत खाली घालून जराशी पुढे काढायची. दोरा ओढला की कडी तयार. जास्त ओढलं तर कडी मिटते, सैल सोडलं तर लोंबते. ती नीट बसली की माझं डोकं शांत व्हायचं. मी अकरा वर्षांचा होतो आणि मला ते आवडायचं, एवढंच.

बाबा, तुम्ही “पुरे झाले हे बायकी चाळे” म्हणून तो पत्र्याचा डबा कपाटावर ठेवलात. मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. पण त्याच डब्यातली दुसरी रिंग काढून ताईला समोर बसवलंत. तिला शिवणटिपण अजिबात आवडत नव्हतं, ती रडत रडत टाके घालायची. झोया अख्तर यांचा ‘बॉम्बे टॉकीज’मधला २०१३ सालचा छोटा चित्रपट पाहिला तेव्हा मला ताईच आठवली. त्यातल्या मुलाला नाचायचं असतं. वडील त्याला फुटबॉलला धाडतात, आणि बहिणीला सहलीला जायचं असतं तर तिच्यासाठी पैसे निघत नाहीत. शेवटी ती दोघं मिळून कार्यक्रम करतात. मी आणि ताईने निदान रिंगांची अदलाबदल तरी करायला हवी होती, असं अजून वाटतं.

अशा गोष्टी मी शोधून शोधून वाचतो, बघतो. टॉमी डीपाओला यांच्या १९७९ सालच्या पुस्तकात ऑलिव्हर बटन नावाचा मुलगा आहे. वडील त्याला सांगतात, बाहेर जा, चेंडूचा कुठलाही खेळ खेळ. मग नाचाच्या शाळेत घालतात, पण कशासाठी? तर व्यायाम होईल म्हणून. इथेही सबब लागलीच! तरी मला ते पुस्तक फार जवळचं वाटतं, कारण ऑलिव्हर स्पर्धेत जिंकत नाही आणि तरीही आई-वडिलांना त्याचा अभिमान वाटतो.

‘बिली एलियट’ (२०००) मात्र मी दोनदा पाहिला. इंग्लंडमधला १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप, घरात पैसा नाही, आई वारलेली. बॉक्सिंग शिकायला पाठवलेला मुलगा बॅले शिकतोय हे कळल्यावर बाप बंदी घालतो. मग एका रात्री तो मुलाला नाचताना बघतो. पुढे त्याच्या प्रवेशपरीक्षेच्या पैशासाठी हाच बाप संप मोडून कामावर निघालेल्यांच्या बसमध्ये चढतो. थोरला मुलगा धावत येऊन त्याला अडवतो आणि बाप ढसाढसा रडतो. पहिल्यांदा मी बिलीला पाहिलं. दुसऱ्यांदा त्या बसमध्ये तुम्हीच दिसलात, बाबा. माझ्या फीसाठी दोन-दोन पाळ्या केल्यात, सुट्टीच्या दिवशीही कामावर गेलात. डबा ज्या हातांनी वर ठेवलात त्याच हातांनी हेही केलंत. म्हणून मला तुमच्यावर धड रागावता आलं नाही आणि ते विसरताही आलं नाही.

पण बिली विलक्षण नाचतो. तो मोठ्या रंगमंचावर पोचतो, म्हणून बापाचा निर्णय बरोबर ठरतो. ज्याचा नाच बेताचा आहे, त्या मुलाचं काय? माझं भरतकाम कधी प्रदर्शनात लागलं नसतं. त्यातून मी डॉक्टर झालो नसतो आणि आपली मुलं सांभाळायलाही ते उपयोगी पडलं नसतं. कसलंच कारण नसताना ते मला करू द्यायला हवं होतं, हे तुम्हा दोघांना एकदा सांगायचं होतं. इतकी वर्षं मनात होतं.

मी आता पुन्हा भरायला लागलोय, रात्री जेवणं झाल्यावर. छोटा शेजारी बसून दोऱ्याचे पदर सुटे करतो.

पुढच्या महिन्यात येतोय. बाबा, डबा काढायला तुम्ही खुर्चीवर चढू नका, मी आल्यावर काढीन. आत एक रुमाल असेल, निळ्या दोऱ्यातलं पान अर्धं राहिलेलं. ते मी तुमच्या शेजारी बसून पुरं करणार आहे.

आणि आई, तेव्हा कुणी आलं आणि विचारलं, तर फक्त सांग, “त्याला आवडतं.”

तुमचा,
धाकटा