किनाऱ्याचे नियम गावाने ठरवावेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या सुटीत आम्ही उभयतां पॅसिफिक महासागरातील रारोटोंगा बेटावर जाऊन आलो. ऑकलंडहून निघालेले विमान वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडते आणि त्यामुळे माणूस निघाल्याच्या आदल्या दिवशी तिथे उतरतो. ही गंमत सोडली तर प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा हेतू नाही. किनाऱ्यावरील बांधकामे, भूरूपांतर आणि पर्यटकांची बेशिस्त यांविषयी आपल्या वृत्तपत्रातून वाचक सातत्याने लिहीत असतात. त्याच अनुषंगाने तिथे पाहिलेल्या काही गोष्टी गोमंतकीयांसमोर ठेवतो.

रारोटोंगा हे कुक बेटांपैकी मुख्य बेट. 1965 पासून ही बेटे न्यूझीलंडशी संबंध राखून स्वतःचा कारभार स्वतः पाहतात. विझलेल्या ज्वालामुखीचे पाण्याबाहेर आलेले हे टोक. मधोमध गर्द झाडीचे सुळके, त्यांच्या पायथ्याशी अळूची शेती, आणि किनाऱ्यापलीकडे प्रवाळाच्या कड्याने अडवून धरलेले उथळ पाणी, म्हणजेच लगून. घेर अवघा 32 किलोमीटरचा असल्याने बसच्या फेऱ्या दोनच दिशांच्या, एक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि दुसरी उलट, त्यामुळे चुकीच्या बसमध्ये चढलेला प्रवासीही अखेर मुक्कामी पोचतोच. बेट आडवे ओलांडणारी पायवाट 413 मीटर उंचीच्या ते रुआ मांगा या सुळक्याखालून जाते. तिथली चढण झाडांच्या मुळांवर पाय रोवत चढावी लागते, पाऊस असेल तर तांबडी माती बुटांना सोडत नाही, आणि सत्तरी तालुक्यातल्या रानवाटा तुडवलेल्या माणसालाही धाप लागते.

किनाऱ्याच्या रस्त्याला समांतर, थोडा आत, आरा मेतुआ हा जुना मार्ग आहे. बेसाल्टच्या फरश्या बसवून तो सुमारे हजार वर्षांपूर्वी बांधला गेला, असे मानतात. त्याच्या कडेने पॉलिनेशियन लोकांची मराए नावाची पूजास्थाने लागतात. आवाना बंदरातून सात होड्या न्यूझीलंडकडे निघाल्या अशी तिथली परंपरा सांगते, आणि त्या सात होड्यांच्या स्मरणार्थ जवळच सात दगडांचे रिंगण उभारले आहे. ज्या कॅप्टन कुकचे नाव या बेटांना मिळाले त्याने रारोटोंगा कधी पाहिलेच नाही, हेही जाता जाता सांगायला हवे.

मला सर्वांत विचार करायला लावले ते घरांपुढील थडग्यांनी. बसच्या खिडकीतून पाहिले तर अंगणाअंगणात चुन्याने रंगवलेली, काहींवर छोटे छप्पर घातलेली, ताजी फुले वाहिलेली थडगी दिसतात आणि शेजारच्या दोरीवर कपडे वाळत असतात. तिथे जमीन कुटुंबाची असते आणि ती विकता येत नाही. बाहेरच्याला मिळालाच तर फार तर 60 वर्षांचा भाडेपट्टा मिळतो. हॉटेलेसुद्धा अशाच पट्ट्यांवर उभी आहेत. आमच्या गांवकारीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक, जमिनींचे पुढे काय झाले हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातील फरक वेगळा सांगायला नको. या व्यवस्थेत अडचणी नाहीत असे मुळीच नाही. एकेका तुकड्याला असंख्य वारस असतात, त्यांतले बहुतेक न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेले असतात, आणि कुलूप लागलेली घरे तिथेही आमच्या बार्देस-सासष्टीइतकीच डोळ्यांत भरतात.

दुसरी गोष्ट राउईची. परंपरागत प्रमुखांनी लगूनचा एखादा पट्टा बंद जाहीर केला की तिथे मासे धरणे, शिंपले काढणे थांबते. पैदास वाढली की तो पुन्हा खुला होतो. मध्यंतरी मागे पडलेली ही प्रथा 1998 मध्ये प्रमुखांच्या पुढाकाराने पुन्हा सुरू झाली आणि तिचा मुख्य आधार पोलीस नसून गावाची नजर आहे. किनाऱ्यावर पाटी असते आणि पाहुण्याला ती पाळावी लागते. सत्तरीतील देवरायांमध्ये आजही कुणी कुऱ्हाड घेऊन शिरत नाही, तोच धाक तिथे पाण्याला आहे. पुढे 2017 मध्ये या देशाने सुमारे 19 लाख चौरस किलोमीटरच्या आपल्या संपूर्ण सागरी क्षेत्रासाठी मराए मोआना हा कायदा केला आणि प्रत्येक बेटाभोवतीच्या 50 सागरी मैलांत मोठ्या व्यापारी मासेमारीला व समुद्रतळाच्या खाणकामाला मज्जाव केला.

सारेच आलबेल आहे असे मात्र कुणी समजू नये. पर्यटकांची सर्वाधिक वर्दळ असलेल्या मुरी लगूनमध्ये सेप्टिक टँकांमधून झिरपणाऱ्या सांडपाण्याने शेवाळ माजले. दक्षिण किनाऱ्यावर कर्ज काढून उभारायला घेतलेले एक प्रचंड हॉटेल 1990 च्या दशकात अर्धवट राहिले, त्याच्या भिंती वर्षानुवर्षे रानात बुडून गेल्या, आणि कर्ज मात्र सरकारच्या बोकांडी बसले. कांदोळी-कळंगुट पाहणाऱ्यांना यातले काही परके वाटू नये.

आपल्याकडे यांत्रिक मासेमारीवर 1 जून ते 31 जुलै बंदी असते, पण खडकांवरचे शिनाणे आणि खाडीतल्या तिसऱ्या हे शिंपले ओरबाडून नेण्याला असा काळवेळ उरलेला नाही. जमिनीचा कायदा बदलणे एका पत्राने होणार नाही. निदान आपल्या हद्दीतील एखादा खडकाळ पट्टा किंवा खाडीचा भाग ठरावीक काळ बंद ठेवण्याचा अधिकार किनारी ग्रामसभांना द्यावा, पाटी कुठे लावायची आणि बंदी कधी उठवायची हे गावातल्या रापणकारांना (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांना) व तिसऱ्या काढणाऱ्या बायांना विचारून ठरवावे, आणि बाहेरून येणाऱ्या पर्यटकालाही ती बंदी लागू करावी. मच्छीमारी खात्याने येत्या पावसाळ्यापूर्वी एका तालुक्यात हा प्रयोग करून पाहावा, अशी विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत करीत आहे.

आपला,
एक वाचक, फोंडा