आझाद व्हिसा

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर "बाबा, तुमचा काळ गेला" म्हणालास आणि बोलणं तिथेच तुटलं. म्हणून लिहितोय. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, लिहिलेलं निदान शेवटपर्यंत वाचतोस.

तू पाठवलेला सौदीच्या व्हिसाच्या स्लिपचा फोटो मोठा करून नीट पाहिला. स्लिप खोटी आहे असं मी म्हणत नाही, खरीच असेल. पण धंद्याच्या रकान्यात काय लिहिलंय ते एजंटला विचारलंस का? 'सायक खास' लिहिलंय. म्हणजे कुणाच्या तरी घरचा ड्रायव्हर. अरे, तू आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन, आणि चालवायला येते ती आईची स्कूटी!

यालाच बाजारात आझाद व्हिसा म्हणतात. सौदीच्या कायद्यात असा व्हिसाच नाही. कामाचा प्रत्येक व्हिसा कुठल्या ना कुठल्या कफिलाच्या, म्हणजे तिथे बोलावणाऱ्या मालकाच्या, नावावर असतो आणि काम त्याच्याकडेच करायचं असतं. इथे कफील काय करतो, व्हिसा विकतो आणि तुला मोकळा सोडतो. मिळेल तिथे काम कर, आणि दरवर्षी इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रिन्यू करायची वेळ आली की त्याच्या हातावर पैसे ठेव. आता ड्रायव्हरचाच व्हिसा का, तेही सांगतो. कंपनीच्या परदेशी कामगारामागे मालकाला महिन्याला ७०० ते ८०० रियाल सरकारला भरावे लागतात, म्हणजे वर्षाचे ९,६०० पर्यंत. छोट्या धंद्यांना थोडी सूट आहे. घरच्या ड्रायव्हरचा इकामा मात्र ६०० रियालात वर्षभर होतो. स्वस्तात पडतो म्हणून विकायला तोच काढतात.

टेस्टची भानगड नाही, असं एजंट तुला कौतुकाने सांगतोय. नसणारच. सौदीने आपल्याकडच्या इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, एसीवाल्यांना कसब तपासायची परीक्षा लावली आहे, ती मुंबईतही देता येते. ड्रायव्हरला ती लागत नाही. तू इलेक्ट्रिशियन म्हणून जातच नाहीयेस, तर तुझी परीक्षा घेणार कोण? आणि खरं सांगू, ती परीक्षा तू सहज पास होशील. शेजारच्या नव्या घराचं थ्री फेज वायरिंग तू एकट्याने केलंस, तेव्हा मी मुद्दाम मागे उभा राहून बघत होतो. एकही जोड सैल नव्हता.

मी जुबैलला असताना आमच्या खोलीत खेडचा एक जण होता, आझाद व्हिसावरचा. टाइल्स बसवायचा, हात सोन्याचा. माझ्या कंपनीच्या पगारापेक्षा त्याची कमाई जास्त होती, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. सगळे याच आकड्याला भुलतात. पण त्याच्या कफिलाने कधीतरी गुपचूप त्याचा हुरूब लावला, म्हणजे कामगार पळून गेला अशी सरकारदरबारी नोंद केली. याला पत्ताच नाही. इकामा रिन्यू होईना तेव्हा कळलं. २०१३ साली निताकतची, म्हणजे सौदी लोकांना नोकऱ्या राखायच्या नियमाची, धरपकड आली, त्याआधी सरकारने नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली होती. त्या वर्षी लाखावर भारतीय परत आले, त्यातलाच हा एक. रियाधला आपल्या वकिलातीत जाऊन आऊटपास, म्हणजे मायदेशी परतायचा तात्पुरता कागद, घेतला, बोटांचे ठसे दिले आणि एक बॅग घेऊन घरी आला. त्याचं टाइल कापायचं मशीन आमच्या खोलीतच राहिलं. ते मी विकून पैसे त्याच्या घरी पाठवले. इतक्या वर्षांच्या कामाचा सर्व्हिसचा पैसा शून्य, कारण जिथे राबला तिथे कागदावर तो कामालाच नव्हता. आम्हा कंपनीवाल्यांना पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला अर्ध्या महिन्याचा आणि पुढे पूर्ण महिन्याचा पगार हिशेबात मिळतो.

आता तुझा तो 'काळ'. बरोबर आहे तुझं, काळ बदललाय. मार्च २०२१ पासून कंपनीतल्या कामगाराला एक वर्ष झालं की नोटीस देऊन, कफिलाच्या परवानगीशिवाय दुसरीकडे जाता येतं. सुट्टीवर येण्याचा एक्झिट-रीएंट्री परवानाही स्वतः अबशर या सरकारी अॅपवर काढता येतो. आम्हाला त्यासाठी मुदीरच्या, म्हणजे मॅनेजरच्या, टेबलाशी ताटकळावं लागायचं. पण या सवलतीतून घरकामगार आणि घरचे ड्रायव्हर वगळलेत! म्हणजे बदललेल्या काळाचा फायदा ज्याला नाही, नेमका तोच व्हिसा तू पैसे मोजून घेतोयस. बाहेर काम करताना सापडलास तर तरहील, म्हणजे परत पाठवायच्यांची कोठडी, आणि तिथून थेट विमान.

आणखी एक. तू दहावी पास, तुझा पासपोर्ट ईसीएनआर. म्हणजे कामासाठी देश सोडायची सरकारी परवानगी, एमिग्रेशन क्लिअरन्स, विमानतळावर तुला कुणी विचारणार नाही. दहावी नसलेल्याचे कागद निदान प्रोटेक्टरच्या, म्हणजे परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठीच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, ऑफिसात एकदा तपासले जातात, तुझे कुणीच बघत नाही. म्हणून तुलाच बघायला हवं. ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर त्या एजंटचं लायसन्स आहे का आणि चालू आहे का ते शोध. सापडलं नाही तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात जाऊन विचार, प्रोटेक्टरचं ऑफिस तिथेच आहे. लायसन्सवाल्या एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४००. हा तुझ्याकडे एक लाख चाळीस हजार मागतोय, आणि पावती विचारली की हसतो.

आई पतपेढीतून कर्ज काढायला तयार आहे. मी तिला नको म्हटलंय. कंपनी व्हिसासाठी वेळ लागला तर लागू दे, तोवर दादरला मावशीकडे राहून साइटवर काम कर. धंद्याच्या जागी इलेक्ट्रिशियन लिहिलेलं असेल, पगार आणि राहण्याची सोय करारात असेल, करार किवा या सौदीच्या सरकारी पोर्टलवर चढणार असेल, तर तुला सोडायला एअरपोर्टवर मी स्वतः येईन. इकाम्याचा आणि वर्क परमिटचा खर्च तिथल्या कायद्याने मालकाचा असतो, तो तुझ्या पगारातून कापायची भाषा कुणी केली तर सही करू नकोस.

एजंट मागे लागला तर सांग, बाबा नाही म्हणतात. खुशाल माझ्यावर ढकल.

तुझा,
बाबा

ता. क. आयटीआयचं ओरिजिनल सर्टिफिकेट त्याच्याकडे दिलंयस असं आईकडून कळलं. उद्याच्या उद्या परत घे. टेस्ट फॉर्मला काय लागेल ते मी बघतो.