प्युरिफायरच्या आधी गादी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

ओजससाठी कुठला एअर प्युरिफायर घ्यावा म्हणून तू तीन मॉडेलं पाठवलीस. आत्ता त्यातलं एकही घेऊ नकोस. रात्री दम लागतो, सकाळी डोळे उघडताच शिंकांची माळ लागते आणि शाळेत मात्र दिवसभर बरा असतो, असं तूच लिहिलंयस. दमा रात्री तसाही बळावतो, पण सकाळच्या त्या शिंका अंथरुणाकडे बोट दाखवतात. अ‍ॅलर्जी नेमकी कशाची, हे डॉक्टरांकडून त्वचेच्या चाचणीत कळेलच, पण तोवर हात बांधून बसायला नको.

गादीत धुळीतले माइट्स म्हणजे बारीक किडे असतात, जेमतेम पाव मिलिमीटरचे. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कोंड्यावर ते जगतात. पाणी पीत नाहीत, हवेतला दमटपणा शोषून घेतात, म्हणून पावसाळ्यात आणि नंतर त्यांचं फावतं. त्रास देतं ते मुख्यतः त्यांच्या विष्ठेतलं प्रथिन. ते कण जड असतात. चादर झटकली की उडतात आणि अर्ध्या तासात पुन्हा खाली बसतात. पोराचं नाक उशीत आणि यंत्र सहा फुटांवर कोपऱ्यात, मग ते ओढणार काय?

म्हणून पहिला खर्च खोळींवर. गादी आणि उशी, दोन्हींना सहाही बाजूंनी बंद होणारी, चेनची खोळ. कापडाची छिद्रं १० मायक्रॉनपेक्षा बारीक हवीत, चांगल्या खोळीच्या पाकिटावर तसं छापलेलं असतं. वॉटरप्रूफ म्हणून मिळतं ते इलॅस्टिकचं कव्हर नको, त्यात गादी खालून उघडीच राहते. चेन संपते तिथे बारीक फट राहते, तिला आतून चिकटपट्टी लाव.

चादर, अभ्रे, पांघरूण दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवायचं. गार पाण्याने ते प्रथिन बरंचसं जातं, पण किडे जगतात. तुझ्या मशीनला हीटर नाही. बादलीत निम्मं उकळतं आणि निम्मं नळाचं पाणी घेतलं की साठीच्या जरा वर जातं. कपडे पडले की उतरतं, म्हणून उकळतं थोडं जास्तच घे. अर्धा तास भिजव, मग मशीनला लाव. ओजसला त्या वेळी मोरीच्या आसपास येऊ देऊ नकोस. कापडी अस्वलं-ससे उकळत्या पाण्यात टिकायचे नाहीत. ते पिशवीत घालून २४ तास फ्रीझरमध्ये ठेव, मग धू. गारठ्याने किडे मरतात, प्रथिन धुतल्यावरच जातं. गोधडीला ऊन दाखवणं चांगलंच, पण तिथेही तोच हिशोब. बडवायची असेल तर गच्चीवर, गॅलरीत नव्हे.

आता दमटपणा. डोंबिवलीत ऑगस्टमध्ये बाहेरच ८०-९० टक्के आर्द्रता, त्यात तुमचं घर तळमजल्याचं. हवेतला दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर आण, तीन-चारशे रुपयांत मिळतो. स्वस्तातले बरेचसे चुकीचं दाखवतात, म्हणून आधी तपासून घे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यावर थेंब थेंब पाणी. ओल्या वाळूसारखं झालं की थांब, मीठ विरघळता कामा नये. झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेव. सकाळी ७५ दिसायला हवं. ८० दाखवलं तर पुढे दर वेळी ५ वजा करायचे.

झोपायच्या खोलीत ५० च्या खाली ठेवता आलं तर उत्तम, पावसाळ्यात ६० च्या खालीही पुष्कळ झालं. झोपण्याआधी दोन-तीन तास एसी ड्राय मोडवर चालव, खिडकी बंद. एसीची जाळी दर पंधरवड्याला धुऊन पूर्ण वाळवून बसव. ओली बसवली तर बुरशी तिच्यावरच धरते. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, तीच तीच फिरवतो, तेव्हा सकाळी दहा मिनिटं खिडक्या उघड. आणि ओजसच्या खोलीत पंख्याखाली कपडे वाळत घालणं आजपासून बंद. एका धुण्यातलं दीड-दोन लिटर पाणी त्या खोलीच्या हवेतच जातं.

कपाटामागच्या भिंतीला काळे ठिपके आलेत म्हणतेस. ती बाहेरची भिंत आहे, तिथे हवा खेळत नाही. कपाट चार बोटं पुढे ओढ. वरून रंग मारू नकोस, सहा महिन्यांत पापुद्रे सुटतील. आधी बाहेरची तड बुजवायला सोसायटीच्या मागे लाग, मग ठिपके साबणाच्या पाण्याने पुसून भिंत कोरडी कर. तुम्ही मास्क लावा आणि ओजसला त्या दिवशी घरी ठेवू नकोस. ब्लीच वापरलंस तर संडासाचं अ‍ॅसिड त्याच्या जवळपासही नको, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू निघतो.

धुराचं मात्र ताबडतोब. डासांची एक कॉईल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं २००३ मध्ये मोजून दाखवलं गेलंय. खिडक्यांना जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी. तुझ्या सासूबाईंच्या उदबत्तीचं अवघड आहे, मला कळतं. देवापुढे तुपाचं निरांजन आणि फुलं ठेवू, उदबत्तीचा वास ओजसला सोसत नाही, असं अनिकेतनेच आपल्या आईला सांगितलेलं बरं.

स्वयंपाकघरातली चिमणी बघ. पाइप बाहेर गेलेला नसेल तर ती तेलकटपणा थोडा अडवते, पण वाफ आणि गॅसच्या ज्योतीचे वायू परत घरातच सोडते. त्यापेक्षा खिडकीतला साधा एक्झॉस्ट बरा. फोडणीच्या आधी सुरू, गॅस बंद केल्यावर १५ मिनिटांनी बंद. समोरची खिडकी किंवा दार किलकिलं हवं, नाहीतर पंखा हवा ओढणार कुठून?

केर काढताना झाडूआधी ओलं फडकं. नवा फूलझाडू पहिले काही दिवस स्वतःच भुसा सांडतो, तो गच्चीत आपटून मगच आत आण. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा चढवून पुसत बाहेर ओढ, धूळ अभ्र्यातच राहते. झुरळांना फवारा नको, जेलचे बारीक ठिपके लाव आणि त्यांच्यावर फवारा मारू नकोस, नाहीतर झुरळं जेलकडे फिरकतच नाहीत.

एवढं करून हिवाळ्यात बाहेरच्या धुरासाठी प्युरिफायर घ्यावासा वाटला तर आकडा असा काढ. खोली १० बाय १२, उंची साडेनऊ फूट, म्हणजे साधारण ३२ घनमीटर. हवा तासाला पाच वेळा गाळली जायची तर सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर हवा स्वच्छ करतं तो आकडा, १६० लागतो. खोक्यावरचा आकडा पूर्ण वेगाचा असतो, आणि रात्री त्या आवाजात तुम्ही तो वेग ठेवणार नाही. तेव्हा ३०० च्या पुढचा घे, हेपा म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचा. आयोनायझरचं बटण असेल तर ते बंदच ठेव, त्यातून ओझोन हा छातीला त्रासदायक वायू निघू शकतो.

खोळी घातल्या तरी फरक दिसायला काही आठवडे, कधी महिने लागतात. तोवर आणि नंतरही डॉक्टरांनी दिलेला रोजचा इन्हेलर आपल्या मनाने थांबवायचा नाही.

ओजसच्या गादीची लांबी, रुंदी आणि जाडी मोजून कळव. जाडी विसरू नकोस. चार इंचाच्या गादीला सहा इंचाची खोळ आली की ती गोळा होते आणि पोरं चेन उघडून टाकतात.

तुझी,
आई